भरपाई, समेट आणि बातमी : नंबी नारायणन प्रकरणाविषयीचे गैरसमज

केरळ सरकारने ऑगस्ट २०२० मध्ये इस्रोचे निवृत्त शास्त्रज्ञ एस. नंबी नारायणन यांना १ कोटी ३० लाख रुपये अदा केले आणि १९९४ पासून गाजत आलेल्या ‘इस्रो हेरगिरी प्रकरणा’वर पडदा पडला, असे सर्वसाधारणपणे मानले गेले. या प्रकरणाविषयी वाचकांच्या मनात घर करून बसलेले चित्र साधारण असे आहे : नारायणन यांच्यावर खटला चालला, त्यात ते निर्दोष सुटले, न्यायालयाने सरकारला दंड म्हणून सव्वा कोटीहून अधिक रक्कम द्यायला लावली, अधिकाऱ्यांचे कारस्थान सिद्ध झाले, त्या कारस्थानामुळे भारताचे क्रायोजेनिक इंजिन वीस वर्षे रखडले आणि खोट्या बातम्या छापणाऱ्या वृत्तपत्रांनाही अद्दल घडली. यातले एकही विधान जसेच्या तसे खरे नाही. नारायणन यांच्यावर घोर अन्याय झाला ही गोष्ट मात्र निर्विवाद आहे. सर्वोच्च न्यायालयाने ती नोंदवली आहे आणि पुढील विवेचनाने तिला कोठेही बाधा येत नाही. प्रश्न आहे तो बातमीच्या अचूकपणाचा. अटक झाली म्हणजे गुन्हा शाबीत झाला असे १९९४ मध्ये ज्या सहजतेने लिहिले गेले, त्याच सहजतेने सरकारने पैसे दिले म्हणजे निवाडा झाला असे २०२० मध्ये लिहिले गेले, आणि कायदेशीर प्रक्रियेतील एका टप्प्याला तिचा शेवट समजण्याची खोड दोन्ही वेळी सारखीच होती.

न चाललेला खटला

२० ऑक्टोबर १९९४ रोजी तिरुअनंतपुरम येथे मरियम रशीदा या मालदीवच्या महिलेला व्हिसाची मुदत संपल्यावरही भारतात राहिल्याबद्दल परदेशी नागरिकांविषयीच्या कायद्याखाली अटक झाली. नोव्हेंबरच्या मध्यात शासकीय गुपिते कायद्याखाली दुसरा गुन्हा नोंदवण्यात आला आणि तिची मैत्रीण फौझिया हसन, इस्रोच्या द्रव इंधन केंद्रातील शास्त्रज्ञ डी. शशिकुमारन, ३० नोव्हेंबरला नंबी नारायणन, तसेच ग्लावकॉसमॉस या रशियन संस्थेचे भारतातील प्रतिनिधी के. चंद्रशेखर आणि बंगळुरूचा एक कंत्राटदार असे एकूण सहा जण आरोपी झाले. अग्निबाणांच्या इंजिनांची गुपिते मालदीवच्या महिलांमार्फत पाकिस्तानला विकल्याचा आरोप त्यांच्यावर होता. तपास ४ डिसेंबरला सीबीआयकडे गेला. नारायणन यांना सुमारे ५० दिवस कोठडीत काढावे लागले.

सीबीआयने एप्रिल १९९६ मध्ये एर्नाकुलमच्या मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे तपास बंद करण्याचा अहवाल सादर केला. आरोप सिद्ध होत नाहीत, इतकेच नव्हे तर ते खोटे असल्याचे आढळले आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. २ मे १९९६ रोजी न्यायालयाने तो स्वीकारला आणि सर्व आरोपींना मुक्त केले. म्हणजे आरोप निश्चित होणे, साक्षीदार तपासले जाणे, युक्तिवाद होणे यांपैकी काहीही घडले नाही, आणि म्हणूनच ज्याला कायद्यात ‘निर्दोष मुक्तता’ म्हणतात तीही येथे झालेली नाही, कारण ती पूर्ण खटला चालल्यानंतरच होऊ शकते. महाराष्ट्रातील पोलीस ठाण्यांत आणि फौजदारी न्यायालयांत तपास बंद करण्याच्या अहवालाला ‘समरी’ म्हणतात : गुन्हा खरा परंतु आरोपी सापडत नसेल तर ‘अ’ समरी, तक्रारच खोटी व खोडसाळ असेल तर ‘ब’ समरी, आणि गैरसमजातून किंवा चुकीच्या माहितीवरून तक्रार झाली असेल तर ‘क’ समरी. केरळात ही अक्षरे वापरत नाहीत. पण सीबीआयचा निष्कर्ष ज्याच्या जवळ जातो तो ‘ब’ समरीचा प्रकार होय. हा भेद केवळ शब्दच्छल नाही. निर्दोष मुक्तता पुष्कळदा संशयाचा फायदा देऊन होते आणि संशयाची छाया तिच्यामागे उरते. येथे तर मुळात गुन्हाच घडला नसल्याचे तपासयंत्रणेनेच सांगितले होते. ‘निर्दोष सुटका’ असे लिहिणारा वार्ताहर नारायणन यांच्या बाजूने लिहीत असतो, पण नकळत त्यांची बाजू आहे त्याहून लंगडी करून टाकतो.

यानंतर केरळ सरकारने जून १९९६ मध्ये सीबीआयला दिलेली संमती मागे घेऊन राज्य पोलिसांकरवी फेरतपास करण्याचे ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने २९ एप्रिल १९९८ रोजी ती अधिसूचना रद्द केली आणि अपीलकर्त्यांना प्रत्येकी १ लाख रुपये खर्चापोटी देण्यास सांगितले.

तीन रकमा, तीन मार्ग

नारायणन यांना मिळालेले पैसे हा एकच आकडा समजला जातो. प्रत्यक्षात १९९८ मधील तो खर्च बाजूला ठेवला तरी तीन रकमा आहेत, त्या तीन निरनिराळ्या मार्गांनी आल्या आहेत आणि त्या प्रत्येकीचा कायदेशीर अर्थ वेगळा आहे.

पहिली रक्कम राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाची. आयोगाने १४ मार्च २००१ रोजी १० लाख रुपयांची अंतरिम भरपाई द्यावी असे सांगितले. ‘अंतरिम’ म्हणजे अंतिम हिशेब होईपर्यंतचा तात्पुरता दिलासा. आयोग न्यायालयासारखा हुकूम देत नाही, १९९३ च्या मानवी हक्क संरक्षण कायद्यानुसार तो शिफारस करतो, आणि शिफारशीला आव्हान देता येते. राज्याने तसे आव्हान दिले आणि २०१२ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने निर्देश दिल्यावर कुठे ती रक्कम हाती आली. दहा लाखांच्या तात्पुरत्या दिलाशाला अकरा वर्षे लागली, ही गोष्ट १ कोटी ३० लाखांच्या बातमीत सहसा येत नाही.

दुसरी रक्कम सर्वोच्च न्यायालयाची. तत्कालीन सरन्यायाधीश दीपक मिश्रा, न्या. अजय खानविलकर आणि न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने १४ सप्टेंबर २०१८ रोजी केरळ सरकारने आठ आठवड्यांत ५० लाख रुपये द्यावेत असा आदेश दिला. या भरपाईचा आधार ‘सार्वजनिक कायद्यातील उपाय’ हा आहे. एखाद्या नागरिकाच्या जीविताच्या व स्वातंत्र्याच्या मूलभूत हक्काचा राज्याने भंग केला असेल, तर त्याला दिवाणी दाव्याच्या लांबलचक वाटेने न पाठवता घटनात्मक न्यायालय स्वतःच भरपाई देऊ शकते, हे तत्त्व बिहारच्या रुदुल साह प्रकरणात १९८३ मध्ये पुढे आले. तो मनुष्य निर्दोष सुटल्यानंतरही चौदा वर्षे तुरुंगात राहिला होता. ओडिशाच्या नीलबती बेहरा प्रकरणात १९९३ मध्ये हे तत्त्व अधिक स्पष्ट झाले. अशी भरपाई दिल्याने दिवाणी दावा लावण्याचा हक्क संपत नाही, हेही त्याच तत्त्वाचे अंग आहे.

तिसरी रक्कम, म्हणजे १ कोटी ३० लाख रुपये, याच उरलेल्या हक्कातून आली. नारायणन यांचा नुकसानभरपाईचा दिवाणी दावा तिरुअनंतपुरमच्या न्यायालयात पडून होता. तो लढवत न बसता मिटवावा असे राज्याने ठरवले, माजी मुख्य सचिव के. जयकुमार यांच्याकडे रकमेची शिफारस करण्याचे काम दिले, डिसेंबर २०१९ मध्ये मंत्रिमंडळाने तत्त्वतः मान्यता दिली आणि पुढच्या वर्षी पैसे अदा झाले. कोणत्याही न्यायाधीशाने पुरावा ऐकून हा आकडा ठरवलेला नाही. वादी आणि प्रतिवादी यांनी आपसांत समेट करून तो स्वीकारला आहे. ‘न्यायालयाने १ कोटी ३० लाख देवविले’ हे विधान त्यामुळे चुकीचे ठरते. या तिन्ही रकमांना ‘दंड’ म्हणणेही तितकेच चुकीचे, कारण दंड हा दोषी व्यक्तीला होतो आणि सरकारजमा होतो, तर येथे पैसे सरकारी तिजोरीतून, म्हणजे केरळच्या करदात्यांच्या खिशातून निघाले आहेत.

समेट म्हणजे कबुली काय

समेट हा मुळात व्यवहार असतो. दावा हरण्याचा धोका, वकिलांची फी, वर्षानुवर्षांचा कालापव्यय आणि लोकांत होणारी नाचक्की यांचा अंदाज घेऊन दोन्ही पक्ष एका आकड्यावर थांबतात. पैसे देणाऱ्याने चूक मान्य केली आहे की नाही हे समेटाच्या मजकुरावर अवलंबून असते, त्यातील रकमेवर नव्हे. केरळात सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निर्णय आधीच झालेला असल्याने अटकेच्या बेकायदेशीरपणाविषयी शंका उरली नव्हती. तो निष्कर्ष त्या निर्णयाचा आहे, २०२० च्या समेटाचा नाही.

हा फरक अमेरिकेतील वेन हो ली यांच्या प्रकरणात अधिक ठळकपणे दिसतो आणि तेथे वृत्तपत्रेही थेट गुंतलेली आहेत. लॉस अलामोस येथील अण्वस्त्र प्रयोगशाळेतील या शास्त्रज्ञावर चीनसाठी हेरगिरी केल्याचा संशय १९९९ मध्ये वृत्तपत्रांतून झळकला. त्यांना त्याच वर्षी डिसेंबरात अटक झाली आणि २७८ दिवस एकांतकोठडीत ठेवण्यात आले. अखेर ५९ आरोपांपैकी गोपनीय माहिती गैररीतीने हाताळल्याचा एकच त्यांनी कबूल केला, बाकीचे सरकारने मागे घेतले आणि न्यायाधीश जेम्स पार्कर यांनी भर न्यायालयात त्यांची क्षमा मागितली. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने सप्टेंबर २००० मध्ये आपल्या वार्तांकनाचा आढावा घेणारे संपादकीय टिपण छापून त्यातील काही उणिवा मान्य केल्या. जून २००६ मध्ये ली यांना एकूण १६ लाख ४५ हजार डॉलर मिळाले : ८ लाख ९५ हजार सरकारकडून आणि साडेसात लाख पाच वृत्तसंस्थांकडून.

यावरून माध्यमांनी खोट्या बातम्यांची किंमत मोजली असा समज जगभर पसरला. परंतु ली यांचा दावा बदनामीचा नव्हताच, आणि तो वृत्तपत्रांविरुद्धही नव्हता. सरकारी अधिकाऱ्यांनी त्यांची वैयक्तिक माहिती पत्रकारांना फोडली, हा खासगीपणाच्या कायद्याचा भंग आहे, असे म्हणून त्यांनी सरकारवर दावा लावला होता. माहिती कोणी फोडली हे सांगण्यास पत्रकारांनी नकार दिल्याने त्यांना न्यायालयाच्या अवमानाबद्दल दररोज दंड भरण्याची वेळ आली होती, आणि आपले सूत्र उघड करावे लागू नये म्हणून त्यांच्या संस्था पैसे देऊन समेटात सामील झाल्या. सरकारने दिलेली रक्कमही वकिलांचा खर्च आणि कर यांसाठीच वापरायची होती. थोडक्यात, बातमी खरी की खोटी याचा निवाडा त्या समेटात कोणीच केला नाही.

वृत्तपत्रांची जबाबदारी आणि तिची मर्यादा

केरळमधील मल्याळम वृत्तपत्रांनी १९९४-९५ च्या हिवाळ्यात जे छापले, त्यात दोन मालदीवी महिलांच्या चारित्र्याविषयीच्या रसभरित कहाण्या होत्या, गुपितांच्या मोबदल्यात वाटलेल्या डॉलरच्या गोष्टी होत्या आणि मुख्यमंत्री के. करुणाकरन यांच्या विश्वासातील मानल्या जाणाऱ्या एका वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याला या प्रकरणात गोवणारा मजकूरही होता. काँग्रेसमधील गटबाजीने या आगीत तेल ओतले आणि मार्च १९९५ मध्ये करुणाकरन यांना पद सोडावे लागले. असे असले तरी सर्व पत्रकारांनी डोळे मिटून लिहिले हेही खरे नाही. आरोपांतील विसंगती दाखवणारे वार्ताहर तेव्हाही होते, मात्र त्यांचा आवाज क्षीण होता.

या वार्तांकनाचा बचाव बहुधा असा केला जातो की, वृत्तपत्रांनी पोलिसांनी सांगितले तेच छापले. कायदा हा बचाव इतक्या सोपेपणाने मान्य करीत नाही. भारतीय दंड संहितेच्या कलम ४९९ मध्ये बदनामीला जे अपवाद दिले होते, आणि जे आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आले आहेत, त्यांपैकी चौथा अपवाद न्यायालयाच्या कामकाजाच्या खऱ्या वृत्तान्ताला संरक्षण देतो; पोलीस अधिकाऱ्याने कानात सांगितलेल्या गोष्टीला तसे आपोआप मिळणारे संरक्षण नाही. दुसऱ्या बाजूने, सर्वोच्च न्यायालयाने आर. राजगोपाल प्रकरणात शासकीय पदाधिकाऱ्यांच्या सार्वजनिक कामाविषयी असे ठरवले की, वस्तुस्थितीची वाजवी पडताळणी करून लिहिलेला मजकूर चुकीचा निघाला तरी पत्रकार भरपाई देण्यास बांधील ठरत नाही. सत्याची पर्वाच न करता लिहिले असेल तरच तो ठरतो. हा निर्णय ७ ऑक्टोबर १९९४ चा, म्हणजे मरियम रशीदाच्या अटकेच्या तेरा दिवस आधीचा आहे. ‘वाजवी पडताळणी’ची कसोटी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने नुकतीच आखून दिली होती आणि तिच्याकडे पाहण्याची उसंत कोणालाही नव्हती.

मग वृत्तपत्रांकडून भरपाई का मिळाली नाही, याचे एक उत्तर मुदतीच्या कायद्यात सापडते. छापील बदनामीबद्दल दिवाणी दावा मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून एका वर्षाच्या आत लावावा लागतो. नोव्हेंबर-डिसेंबर १९९४ मधील मजकुराची मुदत १९९५ च्या अखेरीस संपली. आरोप खोटे असल्याचे न्यायालयाने स्वीकारले ते मे १९९६ मध्ये. खोटेपणा सिद्ध होईपर्यंत दावा लावण्याचे दार बंद झालेले असते, ही या कायद्याची विचित्र रचना आहे आणि तिच्यावर म्हणावी तशी चर्चा होत नाही. प्रेस कौन्सिलकडे तक्रार करता येते, पण १९७८ च्या कायद्यानुसार कौन्सिल ताकीद देऊ शकते, कानउघाडणी करू शकते, नापसंती नोंदवू शकते. एक रुपयाचीही भरपाई देववू शकत नाही.

भारतीय न्यायालयाने माध्यमावर मोठी भरपाई बसवल्याचे जे उदाहरण नेहमी सांगितले जाते, ते पुण्याचे आहे. ‘टाइम्स नाऊ’ या वाहिनीने सप्टेंबर २००८ मध्ये भविष्यनिर्वाह निधीच्या घोटाळ्याच्या बातमीत कोलकात्याचे न्या. सामंता यांच्याऐवजी सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश आणि प्रेस कौन्सिलचे माजी अध्यक्ष पी. बी. सावंत यांचे छायाचित्र सुमारे पंधरा सेकंद दाखवले. पुण्याच्या न्यायालयाने २०११ मध्ये १०० कोटींची भरपाई ठरवली. अपिलाच्या सुनावणीसाठी मुंबई उच्च न्यायालयाने २० कोटी रुपये जमा करण्याची आणि ८० कोटींची बँक हमी देण्याची अट घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. न्यायालयात पैसे जमा करणे म्हणजे ते वादीच्या हाती पडणे नव्हे, तरीही ‘वाहिनीने सावंतांना शंभर कोटी दिले’ हे वाक्य पत्रकारितेच्या वर्गांतही ऐकू येते.

पोलिसांनी माध्यमांना काय सांगावे याची नियमावली करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय गृह मंत्रालयाला सप्टेंबर २०२३ मध्ये दिला, तोही महाराष्ट्रातील पोलीस चकमकींवरून सुरू झालेल्या जुन्या खटल्यात.

क्रायोजेनिकची दंतकथा

नारायणन यांची बदनामी दूर करण्याच्या भरात एक उलट अतिशयोक्ती रूढ झाली, ती म्हणजे या अटकेमुळे भारताचा क्रायोजेनिक कार्यक्रम दोन दशके मागे पडला. क्रायोजेनिक इंजिन म्हणजे अतिशीत द्रवरूप हायड्रोजन व ऑक्सिजनवर चालणारे इंजिन. ते तंत्रज्ञान देण्याचा करार ग्लावकॉसमॉसने १९९१ मध्ये इस्रोशी केला. अमेरिकेने मे १९९२ मध्ये दोन्ही संस्थांवर निर्बंध घातले, आणि १९९३ मध्ये रशियाने तंत्रज्ञान देण्यास नकार देऊन फक्त तयार इंजिने देण्याचे मान्य केले. हे सारे कोणालाही अटक होण्यापूर्वी घडले. रशियन इंजिन वापरणारे जीएसएलव्हीचे पहिले उड्डाण एप्रिल २००१ मध्ये झाले. स्वदेशी इंजिनाचे पहिले उड्डाण १५ एप्रिल २०१० रोजी इंधनाचा पंप बंद पडल्याने अयशस्वी ठरले आणि ५ जानेवारी २०१४ रोजी यश मिळाले. अनुभवी माणसे तुरुंगात गेल्याने आणि भीतीचे वातावरण पसरल्याने कामावर परिणाम झाला असणार हे मान्य करूनही, सगळा विलंब एका अटकेच्या खात्यावर टाकणे पंपातील बिघाडाला कारस्थानाचे रूप देण्यासारखे आहे. नारायणन यांच्यावरील ‘रॉकेट्री’ हा चित्रपट २०२२ मध्ये आल्यावर इस्रोतील काही निवृत्त शास्त्रज्ञांनी पत्रकार परिषद घेऊन त्यातील दाव्यांना हरकत घेतली. त्यांत याच प्रकरणात आरोपी ठरवले गेलेले शशिकुमारन हेही होते.

हक्क नसलेली भरपाई

चुकीने अटक झालेल्याला सरकारकडून भरपाई मिळतेच, हा समज तर पूर्णपणे निराधार आहे. विनाकारण अटक करवणाऱ्या तक्रारदाराकडून भरपाई देववण्याची तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५८ मध्ये होती आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ती कायम आहे. तिची कमाल मर्यादा एक हजार रुपये आहे. बेकायदा अटकेबद्दल भरपाईचा हक्क देणाऱ्या आंतरराष्ट्रीय करारातील कलमाला भारताने १९७९ मध्ये करारात सामील होतानाच आपली हरकत नोंदवून ठेवली. विधी आयोगाने ऑगस्ट २०१८ मध्ये यासाठी स्वतंत्र तरतूद सुचवली. अक्षरधाम हल्ल्याच्या खटल्यात निर्दोष ठरलेल्यांची भरपाईची मागणी सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मान्य केली नव्हती. तेव्हा नारायणन यांचे प्रकरण नियमाचे नव्हे, अपवादाचे उदाहरण ठरते.

मिटले काय आणि उरले काय

२०२० मध्ये मिटला तो एक दिवाणी दावा. २०१८ च्या निर्णयाबरोबर सर्वोच्च न्यायालयाने अधिकाऱ्यांच्या भूमिकेची चौकशी करण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती डी. के. जैन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. तिच्या अहवालावरून एप्रिल २०२१ मध्ये सीबीआयला तपास सोपवण्यात आला आणि २०२४ मध्ये पाच निवृत्त अधिकाऱ्यांवर आरोपपत्र दाखल झाले. आरोपपत्र हे तपासयंत्रणेचे म्हणणे असते, पुरावा नव्हे, आणि १९९४ च्या आरोपींना जो न्याय मिळायला हवा होता तोच या आरोपींनाही लागू आहे. परकीय गुप्तचर संस्थेचा हात असल्याचा नारायणन यांनी वेळोवेळी व्यक्त केलेला संशयही कोणत्या न्यायालयाने सिद्ध मानलेला नाही. २०२० च्या समेटात वादी एकच होता. के. चंद्रशेखर २०१८ च्या निर्णयाच्याच आठवड्यात वारले, फौझिया हसन ऑगस्ट २०२२ मध्ये. ज्यांच्याविषयी वृत्तपत्रांनी सर्वांत अधिक आणि सर्वांत हीन मजकूर छापला त्या दोन मालदीवी महिला तीन वर्षांहून अधिक काळ तुरुंगात होत्या, आणि १ कोटी ३० लाखांच्या त्या समेटाशी त्यांचा काहीही संबंध नाही.